कोकमाच्या वेबसाइटसाठी घोस्टरायटर नेमली: पैसे वसूल, तारखेचं मात्र विचारू नका

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतली मंडळी सुटतील. कुडाळ तालुक्यात आमचं कोकमाचं छोटं युनिट आहे. आमसुलं (म्हणजेच सोलं, कोकमाच्या सुकवलेल्या साली), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम (गोड सरबताचा पाक) आणि कोकमतेल, एवढाच माल. त्याच्या वेबसाइटचा सगळा मजकूर गेल्या वर्षी आम्ही पुण्याच्या एका फ्रीलान्स लेखिकेकडून लिहून घेतला. साइटवर नाव आमचं, 'मी' म्हणणारा मीच, शब्द तेवढे त्यांचे. पाचपैकी चार तारे. एक तारा तारखेपायी कापलाय, त्याचं पुढे येईलच.

लेखिकेचं नाव इथं लिहीत नाही, कारण करारातच तसं आहे. त्यांनी कुठं सांगायचं नाही की अमक्या कोकमवाल्याचं मी लिहिते, आणि आम्ही त्यांचं नाव जाहीर छापायचं नाही. त्यांची बाकीची गिऱ्हाइकं डॉक्टर, बिल्डर, क्लासवाले. स्वतःच्या साइटवरचं आपणच लिहिलंय असं लोकांना वाटावं, ही प्रत्येकाची इच्छा. एकाचं नाव फुटलं की बाकीच्यांच्या पोटात गोळा. तोंडी सांगायला मात्र करारात मनाई नाही, त्यामुळे ज्याला खरंच गरज आहे त्यानं युनिटवर यावं.

आता आधीची परिस्थिती. साइट बनवून देणाऱ्यांनी मजकूर 'पॅकेजमध्येच' दिला होता, शब्दाला साठ पैसे दरानं कुठूनतरी आणलेला. त्यात कोकम सरबत 'एक ग्लास कोमट दुधात मिसळून रात्री झोपण्यापूर्वी' घ्यायला सांगितलं होतं. लिहिणाऱ्यानं जन्मात कधी दुधात कोकम टाकून बघितलेलं नाही हे उघड आहे. टाकलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला दूध फाटून चोथा वर आलेला दिसला असता. आगळाच्या पानावर फोटो आलुबुखारचा. पहिल्या पानावर 'निसर्गाच्या कुशीत वसलेल्या कोकणच्या लाल मातीतून थेट तुमच्या घरात'. हे वाक्य काजूला चालतं, फणसपोळीला चालतं, होमस्टेला चालतं आणि प्लॉटविक्रीला तर हमखास चालतं. तळाला ग्राहकांचे अभिप्राय होते. पाच हसरे चेहरे, आमच्या ओळखीचा एकही नाही. आईनं चष्मा लावून ते वाचले आणि विचारलं, "ही माणसां कोणाची?"

लेखिकेचा पत्ता मिळाला तो देवगडच्या एका बागायतदार मित्राकडून. त्याच्या साइटवर आंब्याची पेटी उघडल्यावर काय करायचं, कुठला आंबा आधी खायचा, कुठला गवतात ठेवायचा, हे इतकं नीट लिहिलं होतं की मी त्याला म्हटलं, तुला एवढं लिहिता कधीपासून यायला लागलं? तो हसला आणि नंबर दिला.

पहिल्या फोनवर मी दर विचारला. त्यांनी दर सांगायच्या आधी उलटा प्रश्न केला: "तुमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रार कशाची येते?" मी म्हटलं, आगळ खारट आहे म्हणून. लोक सरबत समजून मागवतात, ग्लासात ओततात, पाणी घालून पितात आणि मग आमच्या नावानं शिमगा करतात. "आणि तुमच्या साइटवर आगळाच्या पानावर मीठ हा शब्द आहे का?" नव्हता. तिथंच मला वाटलं की ही बाई कामाची आहे.

पैसे. सगळे मिळून ४८,००० रुपये. त्यात मुख्य पान, 'आमच्याविषयी', चार मालांची चार पानं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि तीन लेख, हे सगळं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. निम्मे आगाऊ, प्रवासखर्च वेगळा, दोनदा दुरुस्त्या फुकट. शब्दाचा दर त्या लावत नाहीत. त्यांचं म्हणणं, "शब्दावर पैसे घेतले तर मी शब्द वाढवणार, आणि तुम्हाला हवेत कमी." भावाचं म्हणणं, एवढ्या पैशात डीप फ्रीझर आला असता. दोघांचंही बरोबर होतं. फ्रीझर यंदा घेतला.

करार दोन पानी, तो त्यांनीच पाठवला. माझा चुलतभाऊ ओरोसला वकिली करतो, त्याला दाखवला. त्यानं वाचला आणि पहिल्यांदा कुणाचा तरी करार वाचून मान डोलावली. त्याच्याकडून जे कळलं ते इथं सांगून ठेवतो, कारण धंदेवाल्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमच्या नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर हक्क तुमचा. पण फ्रीलान्सरनं लिहिलं तर, पैसे तुम्ही मोजलेले असले तरी, पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. तो लेखी करून घ्यावा लागतो. लेखी घेतलात पण मुदत घातली नाहीत, तर पाचच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते घातलं नाहीत, तर फक्त भारत. वर आणखी एक मेख: वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाहीत, तर तो परत जातो. फोटोचं मात्र उलटं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, दुसरा काही करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे एकाच पानावरचा फोटो आपला आणि त्याखालचा मजकूर दुसऱ्याचा, असं लाखो साइटवर चाललेलं असणार. आमच्या करारात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत, वापर केला वा न केला तरी' असं स्पष्ट होतं, आणि हक्क आमच्याकडे येणार शेवटचा हप्ता पोचल्यावर. रास्त आहे.

एका कलमावर ओढाताण झाली. नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून आमची दोन पानं खासगीत दाखवायची मुभा त्यांना हवी होती. आमचा नकार. शेवटी एका पानावर मिटलं, तेही युनिटचं नाव झाकून. आणखी एक कलम होतं की मजकुराचा खर्डा एआयकडून करून घेणार नाही. मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवायला मात्र यंत्र वापरणार, ते त्यांनी आधीच सांगितलं. त्या यंत्रानं आईच्या मालवणीचं जे काही केलं त्याला तोड नाही. 'सोलां सुकवतना' याचं 'सोलर सुखवतना' झालं होतं आणि काकूचं नाव एका ठिकाणी काकडी. बाईंनी मग बहुतेक सगळं कानानंच ऐकून पुन्हा लिहून काढलं.

आता खरं काम. मे महिन्याच्या सुरुवातीला त्या आल्या. मेमध्ये कोकण रेल्वेचं तिकीट म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. तत्काळमध्ये कसंबसं तुतारी एक्स्प्रेसचं मिळालं, कुडाळला उतरल्या, चहा घेतला आणि थेट मांगरात, म्हणजे आमच्या कामाच्या शेडमध्ये. तिथं बायका रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेल्या. मला वाटलं होतं फोटो काढतील, दोन प्रश्न विचारतील, दुपारी जेवण झालं की 'छान आहे हो तुमच्याकडे' म्हणतील. बाई रांगेत बसल्या आणि फोडायला लागल्या. तासाभरात बोटं जांभळी. आणि फोडता फोडता प्रश्न. हे प्रश्न मी एवढ्या वर्षांत कधी स्वतःला विचारलेले नाहीत, कारण जन्मापासून उत्तरं माहीत असल्यासारखी वाटतात.

उदाहरणार्थ पुटं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साल आणि गर वेगळा करायचा, गराच्या रसात मीठ घालायचं, त्यात साली बुडवून उन्हात पसरायच्या. संध्याकाळी गोळा करायच्या, पुन्हा त्याच रसात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. एकेका बुडवण्याला एक पूट. साल लाल असते ती पुटागणिक काळी होत जाते. हे मी कुणालाही झोपेत सांगेन. बाईंनी विचारलं, "पण थांबायचं कधी? किती पुटांनी?" मी म्हटलं चार-पाच. आई म्हणाली, छे, आकड्यावर काय असतं. ढीग चाळून दोन सोलं काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "हात लावन बघ, मगे इचार." एक मऊ, वाकवलं तर वाकतं, सोडलं की सावकाश सरळ होतं, बोटाला किंचित ओलावा लागतो पण रंग उतरत नाही. दुसरं वाकवल्यावर कडेला चिरलं. दिसायला दोन्ही सारखीच काळी. चिरलेलं सोल कमी पुटांचं: साल सुकलीय, रस प्यायलेली नाही. आमटीत टाकलं की रंग येतो, आंबटपणा मात्र कमी पडतो.

ते आता आमच्या आमसुलाच्या पानावर आहे, जवळपास आईच्याच तोंडचं. शिवाय पाकिटात पांढरे कण दिसले तर काय, हेही आहे. दर पावसाळ्यात 'बुरशी आली' म्हणून फोटो यायचे. बहुतेक वेळा ते मीठ असतं, वर येऊन बसलेलं. पानावर आता लिहिलंय की कण टोचरे असतील, बोटांत चुरडले जात असतील आणि पाण्यात विरघळत असतील तर मीठ. लोकरीसारखं असेल, कुबट वास येत असेल तर बुरशी, मग आम्हाला कळवा, पाकीट बदलून देऊ. किती साधी गोष्ट. साठ पैसेवाल्याला ती सुचणं शक्य नव्हतं, कारण त्याला पाकीट कुणी दाखवलंच नव्हतं. आणि मला सुचली नाही, कारण मी रोज बघतो.

तेलाचंही तसंच झालं. आमच्याकडे मुठेल, म्हणजे हेच कोकमतेल, घरोघरी असतं, टाचेच्या भेगांना थंडीत लावायला. शहरातलं गिऱ्हाईक बाटली मागतं आणि गोळा आला म्हणून भांडतं. पानाची पहिलीच ओळ आता अशी: 'हे तेल बाटलीत मिळत नाही, कारण घरातल्या नेहमीच्या तापमानाला ते घट्ट असतं.' पुढे बी फोडून गर वाटणं, पाण्यात उकळणं, वर आलेलं तेल काढून थिजवणं, हे थोडक्यात. बास.

खाडाखोडीची बाजू मात्र गोड नव्हती. पहिला खर्डा येण्याआधी लाल शाईची यादी आली, आमच्या जुन्या मजकुरातल्या कुठल्या गोष्टी त्या लिहिणार नाहीत याची. 'सात दिवसांत वजन कमी' गेलं. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि त्यावरून वजन घटवण्याच्या गोळ्यांचा बाजार चालतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. "पण तुम्ही गोळ्या विकत नाही, सरबत विकता आणि त्यात साखर आहे," इति बाई. 'मधुमेहावर रामबाण' गेलं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत वेबसाइट स्पष्ट शब्दांत आहे. बिलावर छापलेलं वाक्यही त्यात येतं. धूर आणि वायूसुद्धा त्या व्याख्येत आहेत, म्हणजे आकाशात धुरानं 'रामबाण' लिहिलंत तरी सुटका नाही.

'१०० टक्के शुद्ध' वर मी अडून बसलो होतो. सगळेच लिहितात. त्या म्हणाल्या, शुद्ध म्हणजे काय ते सांगा, तेच लिहू: रंग घालत नाही, इसेन्स घालत नाही. मी कुरकुरत मान्य केलं आणि त्याच मे महिन्याच्या अखेरीस एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, सगळ्या खाद्य उद्योगांना कळवलं की लेबलवर आणि जाहिरातीत '१०० टक्के' हा शब्दप्रयोग टाळा. बाईंनी ती बातमी मला पाठवली, सोबत एक अक्षर नाही.

जीआयचंही असंच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून आम्ही साइटवर बिनधास्त 'जीआय मानांकित' लावलं होतं. त्यांनी विचारलं, अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमच्या युनिटची नोंद आहे? मानांकन मिळतं ते प्रदेशातल्या मालाला, ते नाव-चिन्ह वापरायला उत्पादकाला वेगळी नोंदणी लागते. आमचा अर्ज तेव्हा व्हायचा होता. तोवर पानावर एवढंच राहिलं की या दोन जिल्ह्यांच्या कोकमाला मानांकन आहे आणि आमचे रातांबे याच जिल्ह्यातले. आणि 'घरगुती'! मांगरात अकरा बायका मजुरीवर आणि आम्ही म्हणतो घरगुती. "यातलं घर कुणाचं?" असं त्यांनी विचारल्यावर काकू एवढी हसली की विषय तिथंच संपला. आता लिहिलंय: 'सीझनमध्ये गावातल्या अकरा जणी इथं काम करतात.' हे वाक्य मला 'घरगुती'पेक्षा जास्त आवडतं.

अभिप्रायांचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, पाचसहा तुम्हीच लिहा ना झकासपैकी. त्यावर सरळ नकार. तुमच्या वतीनं लिहीन, गिऱ्हाइकाच्या वतीनं लिहिणार नाही. त्याऐवजी त्यांनी मला एक छोटा मेसेज लिहून दिला, जुन्या गिऱ्हाइकांना पाठवायला: 'आमचं आगळ तुम्ही कशात वापरता?' तारीफ करा असं त्यात कुठं नाही. जी उत्तरं आली ती आता त्या जागी आहेत, पाठवणाऱ्यांना विचारून. डोंबिवलीच्या एक आजी पाणीपुरीच्या पाण्यात आगळ घालतात. हे कुठल्या लेखकाला सुचलं असतं सांगा.

आगळाचं पान हा सगळ्या कामाचा गाभा, म्हणून सुरुवातीचा तुकडा देतो:

'आगळ म्हणजे सरबत नव्हे. यात साखरेचा कणही नाही आणि मीठ भरपूर आहे. नुसतं पाण्यात घालून प्यायलात तर तोंड वाकडं होईल आणि तुम्ही आम्हाला फोन कराल. चार वाट्या नारळाच्या दुधाला दोन मोठे चमचे आगळ घाला, ढवळा, चव बघा, मग लागलं तरच मीठ. सोलकढीचा रंग फिका गुलाबी हवा. गडद झाला तर नारळ कमी पडला. गोड सरबत हवं असेल तर अमृत कोकमाच्या पानावर जा.'

स्वतःच्या मालाच्या पानावर 'तोंड वाकडं होईल' असं लिहिणं मला आधी झेपलं नव्हतं. भावाला तर अजिबात नाही. पण हे पान चढल्यापासून 'खारट आहे' म्हणणारा फोन अगदी क्वचित येतो, आणि येतो तो बहुधा पान न वाचता दुकानातून बाटली घेतलेल्याचा. म्हणून मग तीच पहिली तीन वाक्यं बाटलीच्या लेबलवर घेतली. जगभर, सर्व माध्यमांत, हे कलम तिथं कामी आलं.

इंग्रजी पानं ही मराठीची भाषांतरं नाहीत. मराठी पान सोलकढी माहीत असलेल्यासाठी आहे, इंग्रजी पान ज्याच्या स्वयंपाकघरात चिंच आहे पण कोकम नाही त्याच्यासाठी. तिथं सुरुवातच मासळीच्या कालवणात चिंचेच्या जागी किती सोलं, इथून. मुंबई-पुण्यात वाढलेल्या आमच्याच भाच्यांना ती पानं जास्त उपयोगी पडतात, कारण मराठी बोलतात फर्डं पण वाचताना अडखळतात. पानांचे पत्ते मात्र दोन्हीकडे रोमन अक्षरांत ठेवायला लावले. मराठी पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर माळ होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आलाय.

आता तारखेचं. काम जानेवारीत दिलं. ठरलं होतं की अमृत कोकमाचं पान गुढीपाडव्याच्या आत, कारण सरबताची मागणी तेव्हापासून चढते, आणि बाकीची पानं सीझन बघून मेनंतर. पाडवा ३० मार्चला होता. पान हातात आलं अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. मधल्या काळात दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'या आठवड्यात' असं उत्तर. कारण कळलं ते नंतर: एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मध्येच वाढलं. वाढू दे, पण आधी सांगायला काय हरकत होती? आम्ही जुनंच पान ठीकठाक करून चालवलं असतं. छोट्या गिऱ्हाइकाला रांगेत मागं ढकलायचं असेल तर निदान ढकललंय हे तरी कळवावं. त्या एका महिन्यात उन्हाळ्याची अर्धी विक्री होते. ही तक्रार मी त्यांना तोंडावर सांगितली आहे, म्हणून इथं लिहितोय.

बारीकसारीक कुरबुरी आणखी आहेत. पहिल्या खर्ड्यात भाषा जरा सदाशिव पेठी होती. 'आस्वाद', 'लज्जतदार' वगैरे. काकूनं वाचून विचारलं, हे आपलं आहे की श्रीखंडाचं? पुढच्या खेपेस गेलं. तिसऱ्या दुरुस्तीला ३,००० रुपये लागतात, आणि दोन घरातली माणसं एकमत नसतील तर तिसरी दुरुस्ती होतेच होते. पानं साइटवर चढवणं हे त्यांचं काम नाही. गूगलवर पहिलं आणून देऊ असं वचनही देत नाहीत. गूगलवर दिसणारं शीर्षक आणि त्याखालच्या दोन ओळी लिहून देतात, पुढचं तुमचं नशीब. आमच्या साइट बनवणाऱ्यांच्या मते हा मोठा दोष. मला तसं वाटत नाही, पहिलं आणून देणाऱ्यांचे फोन रोज येतात.

एक गोष्ट मात्र मागितली नसताना केली. गेल्या वर्षी मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी, आणि त्याआधीही पाच-सहा दिवस पावसानं झोडपलं होतं. शेवटच्या तोडीच्या साली दोन पुटांवर अडकल्या. बाईंचा फोन आला, काय झालं ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी आठ ओळींचा मजकूर पाठवला. त्यातल्या चार अशा: 'यंदा पाऊस आधी आला. शेवटच्या साली उन्हाअभावी सोलं होऊ शकल्या नाहीत, त्या आम्ही आगळात घेतल्या. म्हणून या वर्षी आगळ भरपूर आहे, सोलं बेताची. एका घराला अर्ध्या किलोपेक्षा जास्त देणार नाही.' बिल १,५०० रुपये, तेही आनंदानं दिलं. दरवर्षी 'स्टॉक संपला' एवढीच पाटी असायची आणि लोकांना वाटायचं आम्ही साठा दाबून भाव वाढवतोय.

दुसऱ्याकडून लिहून घेण्याची एक अडचण कुणी आधी सांगत नाही, ती सांगतो. साइट वाचून माणूस व्हॉट्सॲपवर येतो आणि तिथं त्याला खरा मी भेटतो. साइटवरचा मी मोजकं बोलतो, थोडा मिश्कील आहे. व्हॉट्सॲपवरचा मी 'ओके सर', 'माल निघाला' आणि हात जोडलेली चित्रं. एका बाईंनी सरळ विचारलं, साइटवर लिहितात ते मालक वेगळे का? लेखिकेला हे सांगितल्यावर त्यांनी नेहमीच्या प्रश्नांची वीस-बावीस उत्तरं आमच्या बोलण्यातून उचलून लिहून दिली. मूळ रकमेतच, हे त्यांच्या खात्यावर जमा. आता भाचा ती उत्तरं पाठवतो. मी अजून हात जोडतो.

कुणी हा खर्च करावा? ज्याच्या मालात सांगण्यासारखं काही आहे पण सांगायला बसलं की 'निसर्गाच्या कुशीत'च सुचतं, त्यानं करावा. बाजारातून बाटल्या आणून लेबल लावणाऱ्यानं करू नये, या बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाला तो अडकेल. नेमताना आधीचे नमुने मागू नका, बहुतेकांना ते दाखवताच येत नाहीत. त्याऐवजी पहिल्या फोनवर समोरचा काय विचारतो ते ऐका. रक्कम, शब्दसंख्या आणि तारीख एवढंच विचारत असेल तर साठ पैसेवाला बरा, निदान स्वस्त तरी पडतो. पैसेही वेळेत द्या. त्यांची उद्यम नोंदणी आहे आणि अशा छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही, हे आमच्या सीएनं मला न विचारता बजावलं.

साइटवर काजूचीही पानं दिवाळीनंतर करायची आहेत, त्यांनाच देतोय. यावेळी तारखेचं कलम आम्ही घातलंय: उशीर झाला तर आठवड्याला पाच टक्के कपात. त्यांनी सही केली, आणि खाली हातानं आपलंही एक कलम वाढवलं, की आईंच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग यंत्रात न घालता मराठीत उतरवून द्यायची जबाबदारी गिऱ्हाइकाची. भावाला बसवलंय त्या कामाला.